बिनशेपटीचा विंचू

दिवाळी अंकासाठी लिहा, असा संपादकांचा फोन आला तेव्हा मी त्यांना म्हटलं, "अहो, माझा उभा जन्म खरूज, नारू आणि हगवण यांच्यात गेला. लोक तुमचा अंक फराळाच्या ताटाशेजारी ठेवून वाचतात." ते हसले आणि म्हणाले, "त्यातलंच काहीतरी आनंदाचं लिहा, बाई." आनंदाचं म्हटलं की मला एक हात आठवतो. एका बाईचा उजवा हात, कोपरापासून बोटांपर्यंत. पण त्या हाताची गोष्ट सांगायची तर आधी आमची शनिवारची दुपार सांगावी लागेल.

सत्तर सालानंतरची पहिली काही वर्षं मी संगमनेरला, प्रवरेच्या काठी असलेल्या एका धर्मादाय दवाखान्यात होते. डॉक्टर नवी, नोकरी नवी, आणि तोंड मात्र भारी चालायचं. आमचे प्रमुख उंचीनं माझ्या खांद्याला लागत, तरी सगळं गाव त्यांना मोठे डॉक्टर म्हणायचं. शनिवारी बाहेरचे पेशंट संपले की व्हरांड्यात चहा आणि कांदाभजी यायची आणि आमच्यापैकी एकानं एक केस सांगायची. पेशंटचं नाव घ्यायचं नाही आणि रोगाचंही नाव घ्यायचं नाही. बाकीच्यांनी प्रश्न विचारून विचारून रोग ओळखायचा. ज्याचा अंदाज सगळ्यात जास्त चुकेल त्यानं सगळ्यांचे कप विसळायचे. पहिल्या वर्षी मी इतके कप विसळले की दवाखान्यातल्या मावशींना वाटायचं, मला नेमलंय ते त्याच कामावर.

एखादी केस सगळ्यांना चकवून गेली की मोठे डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणत, "लिहा." म्हणजे वैद्यकीय मासिकासाठी ती केस लिहून पाठवा. हे काम काय असतं ते सांगते. एक पेशंट, एक पान. कोण आलं, काय दिसलं, आम्हाला आधी काय वाटलं, मग काय निघालं, औषध काय दिलं आणि पुढे काय झालं. बस, एवढंच. हजारो पेशंटांचा अभ्यास करणारी मोठी माणसं मोठ्या शहरांत असतात. आमच्याकडे एकच पेशंट असायचा, आणि त्यालाही परतीची एस.टी. गाठायची असायची.

मला सुरुवातीला हा सगळा प्रकार म्हणजे फुकटची डोकेफोड वाटायचा. एका पानानं कुणाचं काय भलं होणार? तसं मी बोलूनही दाखवलं. मोठे डॉक्टर म्हणाले, "बाई, आपली पुस्तकं थंड देशांत लिहिलेली. त्यांना आपले ओढे माहीत नाहीत, आपले काटे माहीत नाहीत. आपली माणसं पाणी ओंजळीनं पितात की तोंड लावून, हेही माहीत नाही. ते त्यांना सांगायचं कुणी?" मला वाटलं, सरांना भाषणाची हुक्की आली. त्यानंतर काही दिवसांनी एक शेतकरी बाबा आले.

बाबांच्या नाकातून रक्त यायचं. थांबायचं, परत यायचं. घरच्यांनी क्षयाची धास्ती घेतलेली. बाबांनी तर बैल कुणाला द्यायचे तेही सांगून ठेवलं होतं. मी नाकात बॅटरी मारली तर आत काहीतरी काळं दिसलं आणि दिसता दिसता मागे सरकलं. मी किंचाळले असते, पण नवी असले तरी डॉक्टर होते. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "बाबा, रानात पाणी कसं पिता?" बाबा म्हणाले, "कसं म्हंजी? वाकायचं आन् वड्याला त्वांड लावायचं." मग आम्ही गार पाण्याचं भांडं बाबांच्या नाकाखाली धरून बसलो. बऱ्याच वेळानं पाण्याच्या ओढीनं एक जळू हळूच खाली डोकावली आणि मोठ्या डॉक्टरांनी ती चिमट्यात पकडली. बाबांनी तिच्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "आयला, हिला मी पोसत हुतो व्हय." ती माझी पहिली छापून आलेली केस. छापल्यावर मी तो अंक उशाशी घेऊन झोपले, हे कबूल करायला आता काही हरकत नाही.

आता तो हात.

वैशाखात, ऐन लग्नसराईत, अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागातून एक बाई आल्या. पदर उजव्या हाताभोवती घट्ट गुंडाळलेला. त्या त्यांच्या वाडीच्या सुईण होत्या. आमच्या धंद्याचा नियम पाळून मी तूर्त त्यांचं नाव लिहीत नाही, नुसतं सुईणबाई म्हणते. मी त्यांना बाकावर बसायला सांगितलं तर त्या दारातच उभ्या राहिल्या.

"बाकडं बाटलं म्हनतील," त्या म्हणाल्या. "आधी हात बघा, मंग सांगा बसू का न्हाई."

त्यांनी पदर सोडला. हाताच्या पाठीवर एक चिघळलेली जखम होती, आणि तिथून वर कोपरापर्यंत एकामागोमाग एक टणक गाठी. मण्यांची माळ हातावर उभी चिकटवावी तशा. काही फुटलेल्या, काही फुटायच्या बेतात. त्या गाठींच्या शेजारी हिरवं गोंदण होतं, एक तुळस आणि एक विंचू. विंचवाला शेपूटच नव्हती. नव्या नवरीला जत्रेत गोंदायला बसवलं होतं, विंचू होत आला तेव्हा कळ सोसेना म्हणून ही हात हिसडून पळाली, ती घरी जाऊनच थांबली. शेपूट राहिली ती राहिलीच. वाडीत सगळ्यांना ठाऊक असलेली ही गोष्ट त्यांनी मला पहिल्या भेटीतच सांगितली, असल्या अवस्थेतही हसत हसत.

माघात त्या राबासाठी फांद्या तोडायला गेल्या होत्या. भाताची रोपं टाकायची त्या तुकड्यावर डहाळ्या आणि पालापाचोळा पसरून जाळतात, त्याला राब म्हणतात. तेव्हा हाताला करवंदीचा काटा लागला. काटा निघाला, पण फोड आला, तो फुटला, मग एक गाठ, तिच्यावर दुसरी. पाले वाटून लावले, शेकून झालं, आणि एक दिवस कुणीतरी महारोग हा शब्द उच्चारला. त्या काळी हा शब्द एकदा उंबऱ्यात आला की माणूस उंबऱ्याबाहेर जायचा. सुईणबाईंचं अंथरूण गोठ्यात गेलं. घरात थोरल्या जावेचा शब्द चालायचा आणि जावेनं फर्मान काढलं होतं. सुईणबाईंची सून पोटुशी होती, पोरकी मुलगी, तिला माहेर नव्हतं, त्यामुळे बाळंतपण इथेच व्हायचं. पण त्या बाळंतपणाला सुईणबाईंनी हात लावायचा नाही, आणि बाळाला तर मुळीच नाही.

"समद्या वाडीची पोरं ह्या हातानं काढली," त्या म्हणाल्या. "माझ्या जावंचीबी काढली. आन् माझ्या नातवाला म्या हात न्हाई लावायचा? डाक्टरीनबाई, म्या रडायला न्हाई आले. ह्ये काय हाय तेवढं सांगा. मंग घरी जाऊन भांडते मी."

मला ही बाई तिथल्या तिथे आवडली. मी हात तपासला. महारोगाच्या चट्ट्याला स्पर्श कळत नाही, म्हणून आम्ही टाचणी टोचून बघतो. टोचल्याबरोबर त्या ओरडल्या.

"दुखलं का?" मी आनंदानं विचारलं.

"न्हाई, गुदगुल्या झाल्या," सुईणबाई म्हणाल्या.

गरम-गार कळत होतं, नसा जाड झालेल्या नव्हत्या. मी सांगितलं, हा महारोग नाही. मला वाटलं, बाई आता हात जोडतील. त्या म्हणाल्या, "तुमी समद्यांनाच असं सांगता. मागं जीपवाले आल्ते, त्येबी म्हनले, महारोगाला भिऊ नका. भ्यायचं न्हाई तर मंग जीप येवढी लांब का हुबी केली?"

 खरी अडचण तर पुढेच होती. महारोग नाही, तर मग काय, हे मलाही माहीत नव्हतं. मी त्यांना दवाखान्यात ठेवून घेतलं आणि शनिवारी व्हरांड्यात केस सांगितली. एकानं कातडीचा क्षय म्हटलं, एकानं गरमीचा गुप्तरोग, एकानं नुसतीच भजी खाल्ली.  मोठे डॉक्टर उठले आणि स्वतःचा कप स्वतः विसळायला गेले. असं त्यापूर्वी कधी घडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चर्च सुटल्यावर मी घरी न जाता दवाखान्यात गेले आणि जुन्या मासिकांचं कपाट उघडलं. कसर लागलेले अंक, त्यांचा तो वास, आणि मी जमिनीवर बसकण मारून पानं उलटतेय. जेवणाची वेळ टळून गेली. आणि एका अंकात मला तो हात दिसला. हात सुईणबाईंचा नव्हता, दूर ईशान्येकडे चहाच्या मळ्यात काम करणाऱ्या कुणा मजूर बाईचा होता. पण जखम तशीच, गाठी तशाच, माळ तशीच वर चढत गेलेली. मळ्यावरच्या कुणा डॉक्टरनं एक पान लिहिलं होतं. एक पेशंट, एक पान.

रोगाचं नाव स्पोरोट्रायकोसिस. नाव राक्षसाचं, पण रोग तसा गरीब. ही एक बुरशी असते. मातीत, काट्यांवर, कुजक्या पाल्यावर राहते, काट्याबरोबर कातडीत शिरते आणि हळूहळू वर सरकते. एका माणसाकडून दुसऱ्याला सहसा होत नाही. औषधही साधं, पोटॅशियम आयोडाइडचे थेंब दुधातून द्यायचे आणि हळूहळू वाढवत न्यायचे. आमच्या कंपाउंडरच्या फळीवर ती बाटली धूळ खात पडलेली होती. मी तो अंक छातीशी धरून मोठ्या डॉक्टरांच्या घरी चक्क पळत गेले. आपल्याकडे हा रोग असतो हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. त्या अनोळखी डॉक्टरनं बापड्यानं ते पान लिहायचा कंटाळा केला असता, तर मी सुईणबाईंना काय दिलं असतं, देव जाणे.

मोठे डॉक्टर जेवत होते. पान वाचून झाल्यावर तोंडातला घास गिळून म्हणाले, "गाठीतला पू पुण्याला पाठवा, बुरशी वाढते का बघू द्या. औषध सुरू व्हायच्या आधी हाताचा फोटो काढा. आणि लिहा."

फोटो काढायला एस.टी. स्टँडजवळचे स्टुडिओवाले मुनीरभाई आले. भला माणूस. तालुक्यातलं एकही लग्न त्यांच्याशिवाय लागायचं नाही. स्टुलावर काळं मखमली कापड अंथरून त्यांनी सुईणबाईंचा हात त्यावर ठेवला, शेजारी प्लॅस्टिकच्या गुलाबांची फुलदाणी मांडली. मी ती उचलून बाजूला केली. त्यांनी कॅमेऱ्याला डोळा लावला आणि सवयीनं म्हणाले, "थोडं हसा." हाताचाच फोटो होता, पण सुईणबाई छान हसल्या.

पुण्याहून कळलं की बुरशी उगवली. आमचा अंदाज बरोबर होता. मी तर वॉर्डात नाचायचीच बाकी होते. थेंब सुरू झाले. ते औषध चवीला भिकार. सुईणबाईंचं नाक सारखं वाहायचं आणि त्या सकाळ-संध्याकाळ तक्रार करायच्या, "लोखंड चघळल्यागत लागतंय. ह्याच्यापरीस रोग बरा हुता." पण दूध संपवायच्या. दिवसागणिक जखम सुकत चालली, गाठी विरघळायला लागल्या. रोज सकाळी त्या हात पुढे करायच्या आणि आम्ही दोघी गाठी शोधायचो.

अशात मुनीरभाई पाकीट घेऊन आले. लग्नसराईमुळे उशीर झाला म्हणून त्यांनी माफी मागितली. मी घाईनं पाकीट उघडलं. आत एका सुरेख, गुळगुळीत हाताचा फोटो होता. एक जखम नाही, एक गाठ नाही.

"मुनीरभाई, गाठी कुठं गेल्या?"

"काढून टाकल्या ना मॅडम," ते अभिमानानं म्हणाले. "निगेटिव्हवर पेन्सिल मारली. सगळ्या नवऱ्यामुलींची मुरमं, देवीचे व्रण असेच काढतो मी. आता बाईमाणसाचा हात तसाच छापून देऊ? आणि ते गोंदण अर्धं पुसलं होतं, तेपण फोटोवर शाईनं पुरं करून दिलं."

विंचवाला झोकदार शेपूट आली होती.

 रोगाचा फोटो हवा होता, आणि रोग तर आता पळत सुटला होता. पुन्हा फोटो कशाचा काढायचा? तेवढ्यात सुईणबाईंनी तो फोटो माझ्या हातातून घेतला, लांब धरून बघितला आणि असं हसायला लागल्या की शेजारच्या खाटेवरचा पेशंट उठून बसला. "अवं, ह्या विंचवाला शेपूट फुटली की. चाळीस वर्सं झाली, आत्ता फुटली." मग हसू आवरून म्हणाल्या, "असा हुईल का माझा हात? मंग ह्यो फोटू मला द्या." मी नको नको म्हणत असताना त्यांनी तो कनवटीला लावलाही.

मोठ्या डॉक्टरांना हे सांगितलं तर ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग म्हणाले, "पेन्सिलच आहे ना? जा, पुसून आणा." मी मुनीरभाईंच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन उभी राहिले. त्यांनी कापसाच्या बोळ्यावर टर्पेंटाइन घेऊन निगेटिव्ह हलक्या हातानं पुसली, तोंडानं पुटपुटत, की आजवर कुणी मेहनतीचं काम असं पुसायला लावलं नव्हतं. मग नव्या फोटोचा कागद रसायनाच्या ट्रेमध्ये सोडला. लाल दिव्याखाली आधी बोटं दिसली, मग तुळस, मग बिनशेपटीचा विंचू, आणि मग एकेक करून गाठी उगवायला लागल्या. शेवटची गाठ दिसली तशी मी टाळ्या वाजवल्या. मुनीरभाई माझ्याकडे बघतच राहिले. रोग परत आला म्हणून टाळ्या वाजवणारी डॉक्टर त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असणार.

सुईणबाई थेंबांची बाटली घेऊन घरी गेल्या आणि श्रावण सरताना हात दाखवायला परत आल्या. हात खडखडीत बरा झाला होता. मागे एक फिकट व्रण आणि तो विंचू. मी मुनीरभाईंना बोलावून दुसरा फोटो काढून घेतला, पेन्सिल दवाखान्याच्या दाराबाहेर ठेवायला लावून. पण सुईणबाईंच्या तोंडावर हसू नव्हतं.

नातू झाला होता. शेजारच्या गावची सुईण आली होती. रोज सकाळी कुणीतरी बाळाला तेल लावून न्हाऊ घालत असे आणि सुईणबाई गोठ्याच्या दारातून बघत. हात बरा झाला तर जाऊ म्हणाली, रोग आत गेलाय. मग सुईणबाईंनी तो मुनीरभाईंचा फोटो काढून दाखवला, की बघा, दवाखान्यात असा हात होतो. तर सगळी वाडी हसली. "ह्यो तुजा हातच न्हाई. इंचवाला शेपूट हाय ह्याच्यात. शेरातल्या लोकांनी गंडिवली तुला." त्या एका शेपटीनं माझा आणि दवाखान्याचा सगळा शब्द मातीत घातला होता.

"तुमी लिवनार हुता न्हवं?" सुईणबाई म्हणाल्या. "मंग लिवा. छापा. माझं नाव घाला. छापलेल्याला कोन खोटं म्हनंल?"

मी त्यांना सांगितलं, की केस लिहिताना नाव घालत नाहीत. पेशंटची लाज राखायची असते, म्हणून नुसतं वय आणि धंदा लिहितात. सुईणबाईंना ते काही केल्या पटेना. "लाज कसली? आजार माझा, हात माझा, लोखंड प्याले मी. आन् नाव न्हाई?"  तरी मी नियम पाळला. केस लिहिली, दोन्ही फोटो जोडले, आणि पाठवून दिली. फोटो छापतील की जागा नाही म्हणून गाळतील, याचा भरवसा नव्हता. मी केस लिहिताना कधी प्रार्थना केली नव्हती, ती त्या वेळी केली.

अंक आला तेव्हा माघ लागला होता. दोन्ही फोटो होते, शेजारी शेजारी, झकास छापलेले. मी सुट्टी टाकली, एस.टी.नं अकोल्याला उतरले, तिथून जीप, आणि पुढची चढण पायी. वाडीत पोचले तर बाळ अंगणात गोधडीवर बसून मूठ चोखत होतं, आणि आजी चार हात लांब, गोठ्याच्या दारात. मला बघताच बायामाणसं जमली. थोरली जाऊ पुढे येऊन बसली. काटक, करारी बाई, कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

मी ते पान मराठीत करून मोठ्यानं वाचून दाखवलं. काटा कसा लागला, बुरशी कशी चढली, हा महारोग कसा नव्हे, एकाचं दुसऱ्याला सहसा कसं होत नाही. सगळ्यांनी नीट ऐकून घेतलं. जाऊ म्हणाली, "नाव वाचा."

"नाव नसतं त्यात."

"मंग कुनाचीबी आसंल."

सुईणबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मला नजर वर करवेना. मी अंक फिरवून जावेसमोर धरला. "नाव नाही, पण हात आहे," मी म्हटलं. "बघा तरी."

जावेनं अंक हातात घेतला. आधी उलटा धरला, मग सुलटा केला. आधीचा फोटो बघितला, नंतरचा बघितला. बोट फिरवत फिरवत ती विंचवापाशी आली आणि थांबली.  मला तोवर माहीत नव्हतं, की नव्या नवरीला जत्रेत गोंदायला बसवताना तिचं मनगट धरून बसलेली बाई हीच होती.

"ह्यो हात मी धरला हुता," ती हळू आवाजात म्हणाली. "हिसडा मारून पळाली माझ्या हातातनं." तिनं पुन्हा आधीच्या फोटोकडे बघितलं, मग नंतरच्या. मग मान वर करून गोठ्याच्या दाराकडे बघितलं, आणि मग स्वयंपाकघराकडे तोंड करून सुनेला हाक मारली. "पोरी, पानी तापीव गं. आज बाळाला त्याची आजी न्हाऊ घालनार हाय."

सून पाणी तापवायला गेलीच नाही. ती आधी बाळाला उचलून धावत गोठ्याकडे गेली. पाणी जावेनंच तापवलं.

सुईणबाईंनी अंगणात पाय लांब करून बाळाला पायांवर घेतलं. तेल लावलं, नाक ओढलं, डोकं दाबून गोल केलं, पाठीवर पाण्याच्या धारा सोडल्या. बाळानं टाहो फोडला आणि वाडीतल्या सगळ्या बाया हसायला लागल्या. ऊन चांगलं वर आलं होतं. ओल्या हातावर तो विंचू हिरवागार दिसत होता. मी कडेला बसून रडले, भरपूर रडले, आणि मला त्याची काही लाज वाटली नाही. जावेनं मला चहा आणून दिला आणि म्हणाली, "डाक्टरीन आसून रडती व्हय?"

निघताना सुईणबाई चढणीपर्यंत पोचवायला आल्या. म्हणाल्या, "समदं झ्याक केलं तुमी. पर नाव न्हाई घातलं त्ये न्हाईच घातलं."

पुढे बऱ्याच वर्षांनी एका वैद्यकीय संमेलनात चहाच्या रांगेत एक तरुण डॉक्टर मला भेटला. कोकणातल्या एका छोट्या दवाखान्यात काम करत होता. माझं नाव ऐकल्यावर म्हणाला, "मॅडम, बिनशेपटीच्या विंचवाची केस तुमचीच ना? माझ्याकडे एक लाकूडतोड्या आला होता, हातावर तशीच माळ. सगळे हात कापायच्या गोष्टी करत होते. मला तुमचं पान आठवलं." मी त्याला विचारलं, "तू लिहिलंस का?" तो म्हणाला, नाही. मी म्हटलं, "लिही." आवाज माझा होता, पण ऐकताना मला मोठे डॉक्टरच आठवले. तो चहाच्या मळ्यातला डॉक्टर, मग मी, मग हा पोरगा. आम्ही तिघं एका खोलीत कधी बसलो नाही, पण एकमेकांचे पेशंट बरे करत आलो.

सुईणबाई आता नाहीत. खूप म्हाताऱ्या होऊन, परतवंडांनाही न्हाऊ घालून गेल्या. अंगणात टाहो फोडणारं ते बाळ आज संगमनेरला शाळामास्तर आहे. हा लेख लिहायला घेतला तेव्हा मी त्याला फोन करून विचारलं, की तुझ्या आजीचं नाव छापू का? तो म्हणाला, "बाई, आजी जाईस्तोवर तुमची हीच तक्रार करायची. टाका की."

वैद्यकीय मासिकाचा नियम मी आयुष्यभर पाळला. पण दिवाळी अंकाला तो नियम नाही. तर मंडळी, आजार तिचा होता, हात तिचा होता, ते लोखंडाचं पाणी प्याली ती होती. तिचं नाव हौसाबाई.